वांग्यांखाली जळालेला शेवट

हिवाळ्यात यावलच्या आमच्या केळीबागेत भरिताची पंगत असली, की धूर थेट धुळ्यापर्यंत जायचा आणि तिथली माणसं भाकरी बांधून निघायची. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी चौदा वर्षांचा होतो आणि वांगी उलटवण्याचं खातं माझ्याकडे होतं.

त्या दुपारी कपाशीच्या पऱ्हाट्या काही पेट घेईनात. नाना, म्हणजे माझे काका, जळगावच्या रद्दीतलं एक जुनं पुस्तक मागच्या बाजूने फाडून पानं वांग्यांखाली सारत होते. मुखपृष्ठावर चार पोरं भुयारात शिरताना दिसली. मी उरलेलं पुस्तक ओढून घेतलं.

कागद हळदीसारखा पिवळा, शब्दाशब्दावर जुन्या वळणाची अनुस्वाराची टिंबं. पहिल्याच पानावर छापलेलं: लेखिका दोघी बहिणी, वय चौदा आणि पंधरा, उन्हाळ्याच्या सुटीत लिहिलेली कादंबरी. मी ते पुन्हापुन्हा वाचलं. पुस्तक लिहायला मिशा लागतात आणि माणूस शक्यतो वारलेला असावा लागतो, अशी माझी पक्की समजूत होती. इथे माझ्याएवढ्या पोरींनी आख्खा डोंगर उभा केला होता, त्यात भुयार खणून तोंडाशी वाघीण बसवली होती. अंगावर काटाच आला. समोरचा रोजचा सातपुडासुद्धा कुणीतरी नुकताच लिहून ठेवल्यासारखा दिसायला लागला.

मी मोठ्याने वाचत सुटलो.

"वांगी उलटव रे," नाना म्हणाले. थोड्या वेळाने नानाच म्हणाले, "मरू दे वांगी. वाघीण कुठी गेली?"

वांगी कोळसा झाली. भुयारात पाणी पोरांच्या छातीपर्यंत चढलं, कंदील विझला. मी पान उलटलं, तर पुढे पानच नव्हतं.

सगळी पंगत नानांकडे बघायला लागली. नाना राखेकडे.

"जाळलीस ना चार लेकरं?" साक्रीला दिलेली आमची आत्या त्यांना म्हणाली. मग भाकरी हातात धरून माझ्याकडे वळली, "सांग रे, पुढे काय जायं?"

मला काय ठाऊक! पण सुटीच्या पहिल्या दिवशी त्या बहिणींना तरी कुठे ठाऊक असेल? मी घसा खाकरला.

"वाघीण पोहत आत आली," मी म्हणालो.

आत्याने भाकरी खाली ठेवली.