यकृतातली नदी

जीवशास्त्राच्या त्या संस्थेत सगळे त्यांना पातीबाई म्हणत. मेणात बसवलेला अवयवाचा तुकडा यंत्राच्या पातीवर केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका पातळ कापायचा, तो काप कोमट पाण्यावर तरंगवायचा, अलगद काचेवर उचलायचा आणि गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवायचा, हे काम त्या तीस वर्षं करत होत्या. एखाद्या काचेवर सुरकुती दिसली की सर, म्हणजे विभागप्रमुख, ती थेट कचऱ्याच्या डब्यात टाकत. वर विचारत, "डोळे घरी ठेवून आलात का?" बाईंनी त्याचा राग कधी धरला नाही. चूक ती चूक.

अशात एक चित्रकार आला. कलेचा आणि विज्ञानाचा संगम घडवायचा म्हणून संस्थेनं त्याला सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं. तोंडाचा मोठा हुशार. पेशी त्याच्याशी बोलतात म्हणे. बाईंशी मात्र तीस वर्षांत एकदाही बोलल्या नव्हत्या.

बाईंनी त्याला निवडक काचा काढून दाखवल्या. हे पेशीचं केंद्रक, ही रक्ताची वाट. दोन मिनिटांत त्याला जांभई आली. मग टाकून द्यायच्या काचांमधली एक त्यानं स्वतःच उचलली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि खिळल्यासारखा बसला.

"मावशी, यकृतातून नदी वाहतेय."

"नदी कसली. पाती बोथट झाली होती. काप दुमडला, म्हणून तिथं रंग दुप्पट चढलाय."

"तुम्ही फार जवळून बघता हो," तो कीव केल्यासारखा म्हणाला.

जवळून बघण्याचाच तर पगार घेत होत्या त्या.

घरी त्यांनी यजमानांना हे सांगितलं. ते शिंपी. "माझ्या सदऱ्याला अशी चुणी पडली तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल," ते म्हणाले. "हा काय करणार तिचं?"

"भिंतीएवढी रंगवून टांगणार."

आणि टांगलीच, संस्थेच्याच वरच्या दालनात. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला सरांनी भाषण केलं, त्यात 'निसर्गानं पेशींमध्ये कोरलेली नदी' तीनदा आली. चित्रकाराचं बाईंना एवढं वाटलं नाही. ज्याला कळतच नाही त्याला काय बोलायचं? पण सरांना कळत होतं. चहाच्या वेळी बाईंनी त्यांना गाठलं.

"सर, हीच काच मी तुमच्यापुढे ठेवली असती तर?"

"बाई, सगळीकडे शहाणपणा दाखवायचा नसतो," सर कपात बघत म्हणाले.

तिसऱ्या दिवशी एका शाळेच्या मुली प्रदर्शन बघायला आल्या. शिक्षिकेनं वह्या उघडायला लावल्या आणि पंचवीस मुलींनी लिहून घेतलं: यकृतात नदीसारखी रचना असते. तेव्हा मात्र बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी कागद घेतला, ठळक अक्षरात लिहिलं, 'ही रचना नाही. कापताना पडलेली सुरकुती आहे. चूक माझी,' आणि तो चित्राखाली डकवला.

झालं भलतंच. लोक चित्र सोडून कागदापाशी गर्दी करू लागले. चित्रकार आला, त्यानं कागद वाचला आणि शेजारच्या वार्ताहराला न अडखळता सांगितलं, "हा चित्राचाच भाग आहे. मीच लिहून घेतलाय." सरांनी मान डोलावली. दुपारपर्यंत कागदाला चौकट बसली.

बाई भांडल्या नाहीत. स्वतःची चूक ज्यांना दिसत नाही आणि दुसऱ्याची चोरायची ज्यांना लाज नाही, त्यांच्या नादी कोण लागणार? त्यांनी शाळेचा नंबर शोधला आणि शिक्षिकेला फोन केला, "मुलींना परत आणा. वर नको, खाली माझ्या खोलीत."

मुली आल्या. बाईंनी दोन काचा शेजारी ठेवल्या, एक चांगली, एक दुमडलेली. मुली पाळीपाळीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू लागल्या.

"मग वरच्या लोकांना कुणी सांगितलं नाही?" एकीनं विचारलं.

"सांगितलं ना. त्या कागदालाही त्यांनी चौकट बसवली. तुम्ही वह्या काढा आणि ती ओळ खोडा."

मुलींनी ओळ खोडली. बाईंनी एकेकीची वही उघडून बघितली, मगच तिला जाऊ दिलं.