तिसऱ्या रांगेतली ल्युसी

जेवण झाल्यावर मी सभागृहामागच्या छोट्या खोलीत येऊन बसते. व्याख्यान चारला आहे, आत्ता अडीच वाजलेत. खिडकीतून ऊन टेबलावर पडलंय, लॅपटॉप उघडा आहे, एसी एका सुरात घरघरतोय. सँडल काढून मी पाय समोरच्या खुर्चीवर ठेवते. डोळे मिटायचे नाहीत, नुसतं दहा मिनिटं शांत बसायचं, असं स्वतःला बजावते.

आमच्या कॅन्सर संशोधन केंद्रात दर गुरुवारी चार वाजता सेमिनार होतो. वर्षातला एक गुरुवार मात्र ल्युसीचा. त्या दिवशीच्या भाषणाला तिचं नाव दिलंय, डॉ. ल्युसी तुस्कानो स्मृती व्याख्यान. आजवर चौदा वक्ते झाले. कुणी परदेशातून आले, कुणी दिल्लीहून, बंगलोरहून. पंधरावी मी, हेमलता भोईटे, तिच्याच शेजारच्या टेबलावर बारा वर्षं काम केलेली. मला बोलवायला त्यांना पंधरा वर्षं लागली.

बाहेर पोस्टर लावलंय. वर तिचा फोटो, खाली माझा. आम्ही दोघी एकाच वयाच्या, एकाच महिन्यात इथे पीएचडीला लागलो. पण फोटोत ती एक्केचाळीस वर्षांची आहे आणि मी छप्पन्न. सकाळी एक विद्यार्थिनी पोस्टरपाशी थांबून मैत्रिणीला म्हणाली, "किती छान दिसतात ना ह्या!" कुणाबद्दल, ते मला विचारावं लागलं नाही.

ऊन टेबलावरून उतरून माझ्या पायांवर येतं. एसीचा आवाज लांब जातो, मग थांबतो. मी डोळे मिटलेले नाहीत, ह्याची मला खात्री आहे.

सभागृहात मी व्यासपीठावर उभी आहे. खुर्च्या भरलेल्या आहेत, पण चेहरे नीट दिसत नाहीत, पांढरे एप्रन तेवढे दिसतात. पडद्यावर माझी तिसरी स्लाइड आहे. ही स्लाइड मी शंभरदा तरी दाखवली असेल. प्लेटमधल्या कॅन्सरच्या पेशींना औषध दिलं की जवळजवळ सगळ्या मरतात. थोड्या उरतात. त्या वाढत नाहीत, मरतही नाहीत. सगळे त्यांना मेल्यातच जमा धरत.

"तेव्हा मला एक प्रश्न पडला," मी म्हणते. हे वाक्यही शंभरदा म्हटलेलं आहे. "ह्या खरंच मेल्यात की झोपल्यात?"

तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर एक हात वर होतो.

ती तिची नेहमीची जागा. डोक्याला निळा स्कार्फ बांधलाय, शेवटच्या वर्षी बांधायची तसा. बाकी सगळं जुनंच. पाठीचा कणा ताठ, मांडीवर वही, वहीवर न टेकवलेलं पेन.

मला तेच होतं जे बारा वर्षं व्हायचं. आधी भीती, आणि भीतीच्या पाठोपाठ जळजळ. ल्युसी सेमिनारमध्ये एकच प्रश्न विचारायची. हळू आवाजात, जवळजवळ माफी मागत. आणि तेवढ्या एका प्रश्नाने तासभर बोललेला माणूस आपली पहिली स्लाइड पुन्हा उघडायचा. मग चहाच्या वेळी पाहुणे हातात कप घेऊन तिला शोधत फिरायचे. मी त्यांना समोशाची बशी द्यायचे. "त्या निळ्या साडीतल्या बाई कुठे गेल्या?" असं एका जर्मन शास्त्रज्ञाने मला माझ्याच भाषणानंतर विचारलं होतं.

"विचार," मी म्हणते.

"तुला कधी पडला हा प्रश्न?" ल्युसी म्हणते. "तारीख आठवते का?"

मी रिमोटचं बटण दाबते. स्लाइड पुढे जात नाही.

"ल्युसी, इथे नको."

"बरं," ती म्हणते आणि उठते. "मग चल तिकडे."

मी व्यासपीठाची पायरी उतरते आणि पाय वॉर्डच्या फरशीवर पडतो. पण खाटांच्या जागी सभागृहातल्याच खुर्च्या आहेत, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाइनचा स्टँड. खिडकीबाहेर केळीची बाग, वसईतल्या तिच्या घरामागे आहे तशी, आणि पानं एसीच्या वाऱ्याने हलताहेत. ल्युसी एका खुर्चीत पाय वर घेऊन बसते. मी उभीच राहते. भेटायला आले की मी उभीच राहायचे, कायम घाईत असल्यासारखी.

प्रश्न ह्याच वॉर्डात पडला होता. मला नाही, तिला. औषधाची तिसरी फेरी झाली होती, आणि आजार त्याच पेशींचा होता ज्या आम्ही दोघी रोज वाढवत होतो. मी तिला प्लेटचे फोटो दाखवायला आणले होते. तिने एक फोटो बराच वेळ नाकाजवळ धरला आणि म्हणाली, "हेमे, ह्या मेल्यात कशावरून? झोपल्या असतील. एक प्लेट टाकून देऊ नकोस. ठेव महिनाभर." दोन आठवड्यांनी ती गेली. मी प्लेट ठेवली होती. त्या प्लेटवर माझं नाव झालं, प्रयोगशाळा झाली, बढती झाली. पेपरच्या शेवटी आभाराच्या यादीत सहाव्या क्रमांकावर तिचं नाव आहे.

"तुझा कॅन्सरचा पहिला रिपोर्ट आला होता," मी बोलायला लागते, "त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी तुला काय वाटलं?"

"वाईट वाटलं. रडले मी."

"त्याच्या आधी."

मी खिडकीकडे बघते. केळीची पानं थांबतात.

"हलकं वाटलं," मी म्हणते. "क्षणभर. आता गुरुवारी चहाच्या वेळी मला कुणी तुझा पत्ता विचारणार नाही."

ल्युसी मान डोलावते. विद्यार्थ्याने आकडा बरोबर सांगितला की डोलवायची तशी. रागावली असती तर सोपं झालं असतं.

"मला माहीत होतं," ती म्हणते. "दारात उभी होतीस ना, तेव्हाच दिसलं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला भेटायला येणारी सगळी माणसं खोटं बोलत होती. एक तूच होतीस जिचा चेहरा खरं सांगायचा."

"आणि प्रश्नाचं म्हणशील तर," माझा आवाज चढतो, "मी प्लेट जपली. तेवीस दिवस. कुणी जपली असती? प्रश्न काय, सुचतो. काम मी केलं. तू नुसती..."

"हो ग," ती शांतपणे म्हणते. "प्रश्नासाठी मी नाही आले. प्रश्न मला रोज दहा पडायचे."

बघा. मेल्यावरही. पंधरा वर्षं मी ज्या एका प्रश्नावर जगले, तो हिच्या दिवसभराच्या दहातला एक. मला तिचा इतका राग येतो की मी सलाइनचा स्टँड घट्ट धरते.

"मग कशाला आलीस?"

ती माझ्याकडे बघते. खरं म्हणजे चेहऱ्याकडे नाही, माझ्या केसांकडे, गळ्यात दोरीने अडकवलेल्या चष्म्याकडे, पायांकडे.

"तुझा गुडघा दुखतो?"

"डावा. जिना चढताना."

"कसा दुखतो?"

"म्हणजे काय, दुखतो. वाटीच्या खाली कळ येते."

"रोज?"

"थंडीत जास्त."

"आणि केस कधी पांढरे झाले? एकदम की हळूहळू?"

ती चौकशी करत नाहीये हे मला उशिरा कळतं. तिचे ओठ किंचित आवळले गेलेत, डोळे बारीक झालेत. हा चेहरा मी ओळखते. आरशात बघितलेला आहे. तिच्या चेहऱ्यावर तो मी कधी पाहिला नव्हता. ल्युसी तुस्कानो माझ्या गुडघ्यावर जळतेय.

मला आनंद व्हायला हवा. जरासा होतोही.

आम्ही पेशी वाढवायच्या खोलीत आहोत. दार बंद आहे, इनक्युबेटरची ऊब अंगाला लागते. ल्युसीने एप्रन चढवलाय आणि सिंकपाशी उभी राहून ती प्लेट रंगवतेय. जांभळा रंग ओतायचा, थोडं थांबायचं, पाण्याने धुवायचं, म्हणजे जिवंत पेशींचे ठिपके उमटतात. हातमोजे तिने घातलेले नाहीत. तेव्हाही घालायची नाही, मी ओरडायचे. तिचे लांबसडक बोटांचे हात मनगटापर्यंत जांभळे झालेत.

"प्रश्न माझा, ठीक," ती पाठमोरी म्हणते. "पण उत्तर तू एकटीने बघितलंस. मला ते सांग. पेपरात लिहिलंयस तसं नको. त्या उठल्या तेव्हा कशा दिसत होत्या?"

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भाषणात आलेख दाखवते, टक्केवारी सांगते. पण ती सकाळ मी कुणाला दिली नाही. स्लाइड दिली असती, नावही कदाचित दिलं असतं. ती सकाळ माझी होती.

"सांग ना, हेमे."

"रविवार होता," मी म्हणते. "तेविसावा दिवस. इमारतीत कुणी नव्हतं. मी प्लेट फेकायलाच आले होते."

ती नळ बंद करते.

"भिंगाखाली ठेवली सहज. सगळ्या तशाच पसरलेल्या, सपाट. तव्यावर घावन पसरतं ना, पातळ, जाळी पडलेलं, तशा. आणि एका कोपऱ्यात एक जरा वेगळी दिसली. कडा आत घेतलेली. मी दुसरीकडे बघितलं, परत आले, तर ती अजून गोल झाली होती. आणि चमकत होती, ल्युसी. कडेने बारीक उजेड. पाण्याचा थेंब घरंगळायच्या आधी असतो तसा. मी स्टुलावर बसले ती चार तास उठले नाही. मग मधोमध चीर पडली. एकाच्या दोन झाल्या. दोन्ही जराशा हलल्या, जागा करून घेतल्यासारख्या."

"मग?"

"मग शेजारची गोल व्हायला लागली."

ल्युसी माझ्याकडे वळते. तिचा चेहरा अगदी उघडा आहे, शाळेतल्या मुलीसारखा.

"माझ्या पोटातही अशाच उठल्या असतील."

"हो."

"सुंदर होत्या?"

खोटं बोलायची सोय असती, तर मी बोलले असते.

"हो," मी म्हणते. "फार. मला भीती वाटायला हवी होती. ह्याचा अर्थ काय ते कळत होतं मला, औषध संपलं की त्या परत येणार. पण मी खूश होते. आणि मला काय वाटलं सांगू? हे ल्युसीने बघितलेलं नाही. पहिला विचार तोच आला."

ती हसते. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. मीही हसते. किती वर्षांनी कुणाबरोबर ह्यावर हसता आलं, आणि तेही हिच्याबरोबर.

मग तिचं हसू थांबतं. ती माझं डावं मनगट धरते. हात गार आहे आणि ओला.

"पुन्हा सांग. पहिल्यापासून. रविवार होता."

"मला जायचंय ग. चारला तुझं व्याख्यान आहे."

"तुझं," ती म्हणते. "माझं काय आहे त्यात? मी फोटोत आहे. तू बोलणार, मग चहा घेणार, घरी जाणार. गुडघा दुखला तर शेकणार. पुन्हा सांग."

"ल्युसी, सोड."

"चिरेचं सांग. चीर मधोमध पडली, की जरा बाजूला?"

तिची पकड घट्ट होते. दुखायला लागतं. मी हात ओढते, ती सोडत नाही, आणि तिच्या डोळ्यांत एवढी भूक आहे की मला कळतं, माझ्या साऱ्या जन्माची जळजळ हिच्या ह्या एका क्षणापुढे काहीच नाही. "मधोमध," मी म्हणते. "अगदी मधोमध." आणि सगळं बळ लावून हात खेचते.

खुर्ची मागे सरकते. एसी घरघरतोय. दारावर टकटक होतेय.

ग्रंथपाल मुजावर मॅडम आत डोकावतात. ह्या व्याख्यानांची सगळी व्यवस्था पहिल्या वर्षापासून त्याच बघतात.

"भोईटे मॅडम, पावणेचार झाले. हॉल भरलाय. ल्युसीच्या बहिणी आल्यात वसईहून, त्यांना पुढे बसवलंय. झोप लागली होती का?"

"जरा."

मी लॅपटॉप जवळ ओढते. तिसरी स्लाइड उघडते आणि काढून टाकते.

"आता ऐन वेळी काय बदलताय?" त्या विचारतात.

"तिथे मी नुसतं बोलणार आहे. वॉर्डातली एक गोष्ट आहे, ती सांगायची राहिली होती. आणि नंतर एका रविवारची."

"लांबणार नाही ना? चहा साडेपाचला सांगितलाय."

"लांबेल कदाचित."

त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलंय.

"अहो, हे काय लागलं? लॅबमध्ये गेला होतात?"

आठ वर्षांत मी प्लेटला हात लावलेला नाही. माझं काम आता फायली आणि मीटिंगा. मी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाते, साबण लावते, घासते. पाणी स्वच्छच वाहून जातं. हा रंग कातडीवर बसला की आठवडाभर हलत नाही, हे मला माहीत आहे.

डाव्या मनगटावर पाच जांभळ्या खुणा आहेत. आतल्या बाजूला अंगठा, वरून चार बोटं, टोकांशी गडद.

"मॅडम, चला ना," मुजावर मॅडम दारातून म्हणतात.

मी माझा उजवा हात त्या खुणांवर ठेवून बघते. माझी बोटं पुरत नाहीत.