निर्माता अज्ञात

रविवारी दुपारी कॉम्प्युटर फारच अडखळायला लागला, म्हणून मी अँटिव्हायरस चालवला. तपासणी संपली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: 'अकरा धोके सापडले.'

दहा नावं वेबसाइटांनी मागे सोडलेल्या बारीकसारीक फायलींची होती. अकरावं नाव होतं 'पाढे'. त्यापुढे लिहिलं होतं, 'संशयास्पद. निर्माता अज्ञात.'

निर्माता माझ्या खुर्चीमागेच उभा होता. माझे सासरे, अण्णा, गणिताचे निवृत्त शिक्षक. शाळेतल्या मुलांसाठी हा छोटा प्रोग्राम त्यांनी स्वतः शिकून लिहिला होता. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"पुसून टाक," अण्णा कोरड्या आवाजात म्हणाले. "माझ्यामुळे तुमचं काही बिघडायला नको." आणि ते गॅलरीत जाऊन बसले.

'काढून टाका'वर बाण नेऊन मी थांबले. मग कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या माझ्या बहिणीला फोन लावला.

"संशयास्पद म्हणजे व्हायरसच, असं नाही गं," ती म्हणाली. "अँटिव्हायरसला ती फाइल ओळखीची नाही, एवढंच. पुसू नकोस. मला पाठव, मी तपासते."

पुढचा तास जाता जाईना. नुसती ओळख नाही म्हणून आपणही किती माणसांना संशयितांत बसवतो, असं मनात येत राहिलं. आणि फाइल खरंच वाईट निघाली तर अण्णांना काय सांगायचं, ही धास्तीही.

फोन वाजला. "काही धोका नाही," बहीण म्हणाली.

मी गॅलरीत जाऊन सांगितलं. अण्णा उठून कॉम्प्युटरकडे निघाले.

"सव्विसाच्या पाढ्यात एक चूक राहिली होती," ते म्हणाले. "तेवढी दुरुस्त करू का आता?"