रशीदभाईची तबकडी

सून गच्चीवर पापड वाळत घालते. उन्हानं ते वाकडे झाले की माझी मान खाली जाते, अन् रशीदभाई आठवतो.

जाझच्या तबकड्या जमवायचा नाद आमच्या गल्लीत आम्हा दोघांनाच. त्यानं एकदा आपल्या वडलांची सॅक्सोफोनची तबकडी मला ऐकायला दिली. लई धूळ व्हती म्हणून मी ती साबणानं धुतली, वर पत्र्यावर भर उन्हात वाळत ठेवली. पापडासारखी वाकली.

तो न्यायला आला तेव्हा मी ठासून म्हणलं, "तू दिली तवाच वाकडी व्हती."

तो कडंवरून बोट फिरवत राहिला. "व्हय भाऊ, मीच नीट जपली नसंल. माफ करना."

मी त्याला माफी मागू दिली. वरून मोठ्या मनानं म्हणलं, "जाऊ दे, व्हतं असं कधी कधी."