ऑर्मरॉडचे झोपेतले हात

विल्फ्रेड ऑर्मरॉडने एकतीस वर्षं कालव्याची दारं राखली. बोट आली की पाणी आत सोडायला लोखंडी दांडा लावून फिरवायचा, मोजून एकवीस फेरे, पाणी चढलं की दोन्ही हातांनी दार ढकलायचं. माणूस स्वभावाने इतका गरीब, की बदकं आडवी बसली तर बोटवाल्यांच्या शिव्या खात थांबायचा. अशा माणसाशेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात पहाऱ्याला बसायची पाळी माझ्यावर आली.

घडलं ते भर दुपारी. जेवून त्याला खुर्चीत डुलकी लागली. बायको मेव्हिस चहा घेऊन आली. तो उघड्या डोळ्यांनी उठला, तिच्या गळ्यातला रुमाल मुठीत धरला आणि मोजत मोजत पिळत गेला. चौदाव्या फेऱ्याला ती कोसळली. तिच्या धक्क्याने मेजावरचा कप पडून फुटला, त्या आवाजाने तो जागा झाला आणि रडत रडत त्यानेच रुग्णवाहिका बोलावली.

कोर्टाच्या तळघरातल्या कोठडीत वकीलबाई त्याला समजावत होत्या. "गुन्ह्याला नुसते हात पुरत नाहीत, मनही लागतं. तुमचं मन झोपलं होतं."

"मग मोजत कोण होतं, बाई?"

वकीलबाईंनी हातातले कागद उलटले. "डोक्याला मार लागून असं झालं असतं, तर साफ निर्दोष सुटला असता. तुमचं आतून आलंय. कायदा त्याला वेड म्हणतो. वेडामुळे दोषी नाही, असा निकाल लागेल. मग न्यायाधीश इस्पितळात धाडतील, नाहीतर घरी सोडतील."

"घरी?" तो बाकावरून उठला. "नको. गुन्हा कबूल करतो. पुन्हा झालं तर ती वाचायची नाही."

मेव्हिस भेटायला आली तेव्हा मानेवर अजून निळी रेघ होती. "येडा कुठला! एवढी वर्षं तुझ्याशेजारी झोपले, आता भिऊ होय? बाई सांगतात तसं कर."

तिच्यापुढे त्याचं कधीच चाललं नव्हतं.

खटल्याच्या तिसऱ्या दुपारी डॉक्टर साक्ष देत होते. सगळ्यांच्या नजरा तिकडे. माझ्या शेजारी विल्फ्रेडची मान कलली, डोळे मात्र उघडेच. मांडीवर त्याच्या मुठी सावकाश फिरू लागल्या. "सतरा... अठरा..." एकवीसला मुठी थांबल्या. मग दोन्ही तळवे पुढे करून त्याने हवेतच काहीतरी ढकललं आणि समाधानाने हसला. मी त्याला गदागदा हलवलं. त्याने आधी आपले हात पाहिले, मग माझं तोंड.

मी कुणाजवळही बोलले नाही. पहारेकरणीने साक्ष द्यायची नसते, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मी घाबरले होते.

ज्युरीने वकीलबाईंचं ऐकलं. न्यायाधीशांनी त्याला कसलीही अट न घालता सोडलं. मेव्हिस पिंजऱ्याच्या पायऱ्यांपाशी हात पसरून उभी होती. मी पिंजऱ्याच्या कुलपाला किल्ली लावली तसा तो कुजबुजला, "दार उघडू नकोस, पोरी. तू पाहिलंयस."

मी दार उघडलं.

मेव्हिसने त्याला घट्ट मिठी मारली. त्याने मारली नाही. दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल खुपसून तो तिच्यामागून घरी निघाला.