रजई झोडपल्याचा आवाज

मुलीच्या नाकातून रजईवर सांडलेलं रक्त आम्ही त्याच दिवशी धुतलं. तिची पिसांची रजई बादलीत बुडवली, मग बायकोने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि पिळून काढली. पिसं खराब होतील म्हणून ड्रायरमध्ये टाकली नाही; गुडगावच्या थंडीत, धुरकट हवेत ती बाल्कनीत कशीबशी वाळली, पण पोळीसारखी चपटी होऊन. पिसांचे गोळे कोपऱ्यांत जाऊन बसले होते.

रक्त माझ्यामुळे आलं होतं. बारावीतली मुलगी क्लासला दांडी मारून रजईत पडून फोन बघत होती. त्या दिवशी मानेसरच्या कारखान्यात साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. पण ते कारण नव्हे. मी रजई ओढून काढली, तिला दंडाला धरून उठवलं आणि मारलं. ती कपाटावर आदळली. पुन्हा मारलं. कपाटाचं दार धडधडत होतं आणि मला तो आवाज बरा वाटत होता. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटत होता.

शेजारच्या आंटींनी बेल वाजवली. मी दार फटीएवढं उघडलं.

"कुछ नहीं आंटीजी, रजाई पीट रहा था."

मागे उभ्या असलेल्या बायकोनेही मान डोलावली.

तेव्हापासून मुलगी आईबरोबर झोपायची, आतून कडी लावून. मी सोफ्यावर. ती कडी निघावी एवढंच मला हवं होतं. माफी मागायला गेलो तर तिने इअरफोन कानात घातले. मग वाटलं, निदान रजई तरी पूर्वीसारखी फुगवून तिच्या पलंगावर पसरावी.

"ड्रायरमध्येच घाल आता, बरोबर टेनिसचे बॉल टाक," बायको म्हणाली. "ते आपटले की गोळे फुटतात."

टाकले. धप्. धप् धप्. बंद पेटीत कोणाला तरी कोंडून बडवावं तसा आवाज. मशीन फरशीवर थरथरत सरकू लागलं, भिंत हादरू लागली.

दारावर थापा पडल्या. बायकोने उघडताच शेजारच्या आंटी तिला ढकलून आत घुसल्या. हातात लाटणं, त्याला पीठ तसंच.

"बच्ची कहाँ है?"

"आंटीजी, मशीन है. रजाई फुला रहा हूँ."

"फिर रजाई! उस दिन भी रजाई थी. तेरी रजाई रोती है क्या? बुला उसे, नहीं तो ये तेरे सिर पे पड़ेगा."

मुलगी आपणच बाहेर आली. नाकाच्या बाजूला अजून पिवळट डाग होता. आंटींनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"बोल बेटा. डर मत."

"आज मशीन है, आंटी."

तो 'आज' ऐकून मी पुढे झालो.

"उस दिन रजाई नहीं थी," मी म्हणालो. "मैंने मारा था इसे."

"मुझे क्या बता रहा है? मुझे उसी दिन पता था." लाटणं माझ्या छातीवर टेकवून त्या म्हणाल्या, "अगली बार दरवाज़ा नहीं पीटूँगी. सीधा पुलिस बुलाऊँगी." मग मुलीला म्हणाल्या, "मेरा घर खुला है, बेटा. आधी रात को भी."

त्या गेल्या. बायको भिंतीला टेकून खाली बसली. मशीन चालूच होतं. धप्. मुलीचे खांदे उडाले. धप्. पुन्हा उडाले. तिला ते थांबवता येत नव्हतं.

मी मशीन बंद केलं.

"अर्धवटच राहिली की," बायको म्हणाली.

"हाताने करतो."

गरम रजई मांडीवर घेऊन मी फरशीवर बसलो. कापडावरूनच एकेक गोळा चाचपायचा, चिमटीत चोळून सुटा करायचा, पिसं रिकाम्या जागेत सारायची. आवाज होत नाही. मुलगी थोडा वेळ दारात उभी राहून माझ्या हातांकडे बघत होती. मग ती आत गेली.

कडी लागली. मी पुढचा गोळा चिमटीत धरला.