नाशिककरांचा नकाराधिकार

देशांचा संघ कसा चालवावा हे जगात एकाच माणसाला पुरतं कळलं होतं, आणि तो माणूस सौदीतल्या जुबैलला आमच्या व्हिलात वरच्या मजल्यावर राहायचा. पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात व्हॉल्व्ह तपासणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. खरं काम म्हणजे युरोपातल्या देशांच्या संघाची काळजी वाहणं. मूळचे नाशिकचे, म्हणून आम्ही त्यांना नाशिककरच म्हणायचो. शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमध्ये सगळे पेंगत असताना हे मला कोपराने ढोसायचे. "अहो रत्नागिरीकर, इतक्या देशांचं एकमत व्हायचं कसं? आपल्या चौघांचं भाजीवर होत नाही."

ते मात्र खरं होतं. व्हिलात आम्ही दोघे, एक लाहोरवाला आणि एक फिलिपिनो. स्वयंपाकघर एकच. नाशिककरांनी आल्या आल्या त्याची घटना लिहून फ्रिजवर चिकटवली: दर महिन्याला नवा अध्यक्ष, सामाईक डाळ धोरण, आणि प्रत्येक ठराव एकमताने. एकाने जरी नाही म्हटलं तरी ठराव पडला. हे शेवटचं कलम त्यांनी उत्साहाच्या भरात घातलं आणि मग कायमचे पस्तावले, कारण त्यांचा लाडका कारल्याचा ठराव लाहोरवाला दर शुक्रवारच्या बैठकीत शांतपणे पाडायचा. शेवटी नाशिककरांनी नकाराधिकारच रद्द करायचा ठराव आणला. त्यालाही एकमत लागणार, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. लाहोरवाल्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "भाईजान, नहीं." नाशिककर दोन दिवस धुमसत होते, पण इतिवृत्ताच्या वहीत तो नकार त्यांनी सुवाच्य अक्षरात नोंदवला.

पुढे कंपनीत सौदीकरण आलं, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं. नाशिककरांच्या हाताखाली एक सौदी इंजिनियर शिकायला दिला. त्याचं शिकून झालं की जागा त्याची, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरा कुणी असता तर चार खुब्या स्वतःजवळ ठेवल्या असत्या; यांनी आपल्या वह्यासुद्धा देऊन टाकल्या. मी रागावलो, तर म्हणाले, "त्यांचा देश, त्यांची मुलं. धोरण बरोबरच आहे. मी मंत्री असतो तर हेच केलं असतं. फक्त स्वतःला दोन वर्षं उशिरा काढलं असतं."

नाशिककरांच्या पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं मायदेशी परतण्याचा, शिक्का पडला. शेवटच्या शुक्रवारी त्यांनी रीतसर बैठक बोलावली. विषय एकच: एका सदस्याचे संघातून जाणे. "नुसती औपचारिकता," म्हणत त्यांनी हात वर करायला सांगितले. फिलिपिनोने केला. मीही जड मनाने केला. लाहोरवाला हाताची घडी घालून बसून राहिला.

"नहीं, भाईजान," तो म्हणाला. "क़ानून आपका है. एक ने भी ना कही, तो खलास."

नाशिककरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग वही ओढून लिहिलं: ठराव नामंजूर.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाने ते गेलेच. राहण्याचा परवाना, तो इकामाच संपला, त्यापुढे आमच्या घटनेचं काय चालणार? मला ते फार आठवतात. पण वहीप्रमाणे ते अजून आमचे सदस्य आहेत, आणि दर चौथ्या महिन्याला अध्यक्षपदाची पाळी त्यांची येते. त्या महिन्यात लाहोरवाला स्वतः बाजारात जाऊन कारली आणतो, आणि कुणीच नाही म्हणत नाही.